पाच दिवसांत पहिला अल्बम: होतो, पण आधीची दोन वर्षं मोजा

पत्रातून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातल्या चौघांचा पॉप पंक (वेगवान, गोड चालींचा रॉक) बँड, गाणी मराठीत, एकूण अकरा. ग्रीन डे या अमेरिकन बँडचा पहिला स्टुडिओ अल्बम '39/स्मूद' पाच दिवसांत आणि 675 डॉलरमध्ये झाला, हे त्यांच्या वाचनात आलं. आता दिवाळीच्या सुट्टीत चार दिवस स्टुडिओ घेऊन सगळं उरकायचा बेत आहे. जोडीला आणखी तीन शंका आहेत: क्लिकवर (हेडफोनमधल्या ताल धरणाऱ्या टिकटिकीवर) वाजवायचं की नाही, रेकॉर्डिंगमध्ये गिटार पातळ का येते, आणि लेबल (अल्बम काढणारी कंपनी) शोधायचं की अल्बम स्वतःच काढायचा.

मी या धंद्यात टेपच्या अखेरच्या काळात आलो आणि अजून आहे. पोट चाललं ते जिंगल्स, भावगीतं आणि नाटकांच्या पार्श्वसंगीतावर. बँडची कामं आवडीपोटी केली. त्यामुळे या विषयावर मला आवरतं घेणं जमत नाही. उत्तर लांबणार.

आधी त्या अल्बमचा हिशोब नीट मांडू, कारण 'पाच दिवस, 675 डॉलर' एवढंच लोकांच्या तोंडी फिरतं आणि बाकीचं गळून पडतं. सॅन फ्रान्सिस्कोतला आर्ट ऑफ इअर्स हा स्टुडिओ, तिथला इंजिनिअर अँडी अर्न्स्ट. 29 डिसेंबर 1989 ते 2 जानेवारी 1990, म्हणजे ऐन नाताळच्या सुट्टीतले दिवस. गायक-गिटारिस्ट बिली जो आर्मस्ट्राँग आणि बासवाला माइक डर्न्ट दोघेही सतरा वर्षांचे, अजून शाळेत. ड्रमर जॉन किफमायर त्यांच्याहून थोडा मोठा. दहा गाणी, जेमतेम एकतीस मिनिटं. एप्रिल 1990 मध्ये लुकआउट रेकॉर्ड्स या छोट्या लेबलने ती तबकडी काढली.

आता त्या 675 डॉलरचं बघा. तेव्हा डॉलर साधारण सतरा रुपयांना होता, म्हणजे अकरा-साडेअकरा हजार रुपये. ऐकायला किरकोळ वाटतं. पण कॅलिफोर्नियात त्या वेळी किमान वेतन तासाला 4.25 डॉलर होतं. म्हणजे हॉटेलात भांडी घासणाऱ्या पोराची जवळजवळ चार आठवड्यांची पूर्ण कमाई. स्वस्त होतं हे खरंच, पण फुकट नव्हतं, आणि म्हणूनच स्टुडिओत बसून 'इथे काय वाजवू या' हा विचार करायची चैन त्यांना परवडणारी नव्हती. तुमच्या बेताशी तुलना करायची तर आधी हा आकडा धरा: चौघांची मिळून महिन्याची बचत किती आणि त्यात किती तास मिळतात.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्या पाच दिवसांच्या आधी काय झालं होतं. या पोरांचा पहिला कार्यक्रम 17 ऑक्टोबर 1987 रोजी व्हॅलेहो गावातल्या रॉड्स हिकरी पिट या खानावळीत झाला. बिली जोची आई तिथे वेट्रेस होती. तेव्हा बँडचं नाव स्वीट चिल्ड्रेन. पुढे बर्कलीच्या 924 गिलमन स्ट्रीट या जागेत ते वाजवू लागले. लुकआउटचा लॅरी लिव्हरमोर याने त्यांना ऐकलं ते मेंडोसिनोच्या डोंगरातल्या एका घरात, समोर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी पोरं बसलेली असताना, आणि तिथल्या तिथे रेकॉर्ड काढायची तयारी दाखवली. मग 1989 मध्ये '1,000 अवर्स' ही चार गाण्यांची छोटी तबकडी आली. तीही त्याच आर्ट ऑफ इअर्समध्ये, त्याच अर्न्स्टकडे केलेली. म्हणजे अल्बमसाठी ही मंडळी स्टुडिओच्या दारातून आत शिरली तेव्हा खोली ओळखीची होती, इंजिनिअर ओळखीचा होता, आणि हेडफोन लावून आपलाच आवाज ऐकल्यावर माणूस कसा बिथरतो तो अनुभवही घेऊन झाला होता. बिली जोने तर पाच वर्षांचा असताना एका स्थानिक कंपनीसाठी गाणं रेकॉर्ड केलं होतं. माइकसमोर उभं राहायची भीती त्याची केव्हाच मेली होती.

एकूण दोन वर्षं आणि वर दोन महिने. तुमच्या पत्रात तुमचे किती कार्यक्रम झाले याचा उल्लेख नाही. जॅमपॅडमध्ये तासावर पैसे भरून केलेली तालीम मी कमी लेखत नाही, पण लोकांसमोर वाजवल्याशिवाय गाण्यातला पोकळ भाग कळत नाही. दुसरा अंतरा सुरू झाला की समोरचे फोन काढतात, तो अंतरा लांब आहे. हे तालमीत कोणी सांगत नाही, कारण तालमीत सगळे आपापल्या बोटांकडे बघत असतात.

आता अल्बमबद्दल माझं मत. ध्वनिमुद्रण म्हणून '39/स्मूद' फार थोर नाही. गिटार कोरडी आणि थोडी खरखरीत आहे, ड्रम लहान खोलीतले वाटतात, किफमायर सरळसोट वाजवतो आणि गायकाचा आवाज काही ठिकाणी वाद्यांत बुडतो. तरी 'गोइंग टू पासालाक्वा' किंवा 'डिसअपिअरिंग बॉय' आज लावलं तरी माणूस शेवटपर्यंत ऐकतो, कारण चाली पक्क्या आहेत, आणि डर्न्टचा दुसरा आवाज नेमका जिथे हवा तिथेच येतो. पंक बँड असून गिटारचे छोटे सोलो आहेत, तेही लाजत-लाजत घेतलेले नाहीत. विषय म्हणाल तर ग्रंथालयात दिसलेली मुलगी, सोळाव्या वर्षाची हुरहुर, घर सोडून कुठे जायचं याचा घोळ. ज्या वयात लिहिलं त्या वयाचंच लिहिलं.

आणि इथेच माझा मुख्य मुद्दा आहे. पुढचा अल्बम 'करप्लंक' त्यांनी 1991 मध्ये केला. स्टुडिओ तोच, इंजिनिअर तोच. पण आवाज ऐका: भरीव, धावता, कडांना धार असलेला. बदललं काय? किफमायर शिकायला हंबोल्टच्या विद्यापीठात गेला होता आणि त्याच्या जागी ट्रे कूल आला होता. मधल्या काळात गाडीत वाद्यं टाकून बँड अमेरिकाभर वाजवत फिरला होता. दोन्ही अल्बम हेडफोनवर पाठोपाठ ऐका. मायक्रोफोन, कन्सोल, टेप यांच्यावर तुम्ही रात्र-रात्र जी चर्चा करता त्यातलं किती हाताचं असतं आणि किती यंत्राचं, ते एका तासात कळेल. पॉप पंकमध्ये रेकॉर्डिंगचा साठ-सत्तर टक्के आवाज ड्रमरच्या मनगटात असतो, असं मी नेहमी म्हणतो. टक्के माझ्या मनचे, पण अनुभव खरा.

पहिला अल्बम झटपट करण्याची परंपरा याही आधीची आहे. रमोन्स या पंक बँडचा 1976 चा पहिला अल्बम न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी इमारतीतल्या प्लाझा साउंडमध्ये साधारण आठवड्यात झाला, खर्च 6,400 डॉलर. चौदा गाणी, एकोणतीस मिनिटं. त्यात बास जवळजवळ पूर्ण डावीकडे आणि गिटार पूर्ण उजवीकडे ठेवली आहे. एक इअरफोन काढून ऐका, एकेक वाद्य सुटं हाती लागतं. गिटार शिकणाऱ्याला याहून चांगला मास्तर नाही. डिसेंडेंट्सचा 'मायलो गोज टू कॉलेज' 1982 चा, पंधरा गाणी बावीस मिनिटांत. नावातला मायलो म्हणजे त्यांचा गायक. तो जीवशास्त्र शिकायला कॉलेजात चालला होता म्हणून जाण्यापूर्वी उरकून घेतलेला अल्बम. ब्लिंक-182 या बँडचा 'चेशर कॅट' तीन दिवसांत झाला, पण त्यातली बरीच गाणी आधी डेमो कॅसेटवर येऊन गेलेली होती. फॉल आउट बॉयचा 2003 चा 'टेक धिस टू युअर ग्रेव्ह' घ्या: काही गाणी आधी केली, त्यांच्या जोरावर पुढची सोय झाली, मग उरलेली विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनच्या स्मार्ट स्टुडिओत. घाईत झालेल्या या अल्बमांच्या मुळाशी गेलं की बहुतेक वेळा जुनी तयारी सापडते.

मग तुमच्या चार दिवसांचं काय? अकरा गाणी चार दिवसांत नीट होणार नाहीत. सहा होतील. त्यातली दोन आधीच एखाद्या छोट्या स्टुडिओत करून बघितली असतील तर आठ होतील. पहिला दिवस तुम्ही 'रेकॉर्डिंगचा दिवस' म्हणून धरला असेल, पण दुपारपर्यंत ड्रमशिवाय काहीही होत नाही. कातडी नवी बसवायची, ताणायची, स्नेअरची (खालून तारा लावलेल्या छोट्या ड्रमची) तार कुठे झणझणते ते शोधायचं, बास ड्रमच्या पेडलची करकर थांबवायची, मग माइक लावायचे. नवी कातडी आदल्या रात्री बसवून थोडी वाजवून आणलीत तर दोन तास वाचतात. संध्याकाळी बास, गिटार आणि ड्रम एकत्र वाजवून तीन गाण्यांचे पाया-टेक (ज्यावर पुढचे थर चढवायचे ती सलग वाजवलेली रेकॉर्डिंग) मिळाले तर पहिला दिवस सोन्याचा.

एकत्रच वाजवा हं. आजकाल पोरं एकेक वाद्य घरी करून आणतात आणि संगणकावर जोडतात. जिंगलला ते चालतं. पॉप पंकमध्ये ड्रमरने कोरसमध्ये शिरताना किंचित पुढे रेटायचं असतं आणि बासवाल्याने त्याच्याकडे बघून त्याच क्षणी रेटायचं असतं, आणि ते नजरेला नजर भिडल्याशिवाय होत नाही. गिटारचा अँप दुसऱ्या खोलीत ठेवा म्हणजे तिचा आवाज ड्रमच्या माइकमध्ये शिरणार नाही, पण वाजवणारे तिघे एका खोलीत, समोरासमोर. गायकानेही कच्चं गावं. तो टेक ठेवायचा नसतो, पण तो नसला तर वाजवणाऱ्याला गाणं कुठे आहे ते विसरायला होतं.

दुसऱ्या दिवशी उरलेले पाया-टेक, तिसऱ्या दिवशी गिटारचे दुहेरी थर, तिसऱ्याची संध्याकाळ आणि चौथा दिवस आवाजाचा. मिक्स, म्हणजे सगळ्या वाद्यांचा आणि गळ्याचा आवाज प्रमाणात जुळवणं, या चार दिवसांत अजिबात धरू नका. सलग दहा तास झांजा ऐकलेल्या कानाला वरच्या पट्टीतलं काही कळत नाही. त्या रात्री केलेलं मिक्स दुसऱ्या दिवशी कर्कश किंवा गुदमरलेलं निघतं. मध्ये आठवडा जाऊ द्या. ग्रीन डेने तर 1994 चा 'डूकी' एकदा मिक्स झाल्यावर पसंत पडला नाही म्हणून पुन्हा मिक्स करवला होता, आणि तेव्हा त्यांच्यामागे मोठी कंपनी होती. त्याच अल्बमसाठी बिली जोने सतरा गाण्यांचे आवाज दोन दिवसांत दिले, बहुतेक एका टेकमध्ये, असं सांगतात. पण तो '39/स्मूद'नंतरची चार वर्षं अव्याहत गात आलेला गळा होता. तुमच्या गायकाने दिवसाला तीन गाण्यांवर जाऊ नये. आणि आदल्या रात्री क्रिकेट बघताना ओरडू नये, हे सांगायला लागतं म्हणून सांगतो.

क्लिकबद्दल. 1989 मध्ये संगणकावर टेक सरकवून ओळीत बसवायची सोय नव्हती. टेक बिघडला की पुन्हा वाजवायचा, फार तर चुकलेल्या जागी टेप थांबवून तेवढाच तुकडा भरायचा. लय थोडी वर-खाली होणं हे त्या अल्बममध्ये आहेच, आणि कानाला खुपत नाही, कारण तिघंही एकत्र वर-खाली होतात. तुमचा ड्रमर किमान तीन महिने क्लिकवर सराव करत असेल तरच क्लिक लावा. नसेल तर स्टुडिओत पहिल्यांदा हेडफोनमधली टिकटिक ऐकून तो आवळून वाजवू लागतो आणि सगळं गाणं आजारी वाटतं. मधला मार्ग असा: फोनवर तालमीचं रेकॉर्डिंग करून प्रत्येक गाण्याची खरी गती मोजा. अंतरा मिनिटाला 176 मात्रा आणि कोरस 180 असं निघालं तर क्लिकही तशीच बदलती ठेवता येते. किंवा सुरुवातीच्या दोन ओळींपुरती क्लिक द्यायची आणि बंद करायची. मला व्यक्तिशः हा शेवटचा प्रकार आवडतो.

आता गिटार. पातळ येते याचं पहिलं कारण बहुतेक वेळा जास्त डिस्टॉर्शन (मुद्दाम फाडलेला आवाज) हेच असतं. खोलीत, एकट्याने, मोठ्या आवाजात वाजवताना जितकं डिस्टॉर्शन गोड लागतं त्याच्या निम्मं रेकॉर्डिंगला पुरतं. जास्त दिलं की स्वराचा गाभा जातो आणि वर नुसती माशी गुणगुणते. नॉब अर्ध्यावर आणा, मधल्या पट्टीचा नॉब कापू नका, उलट थोडा वाढवा. मग तोच भाग दोनदा वाजवा, खरोखर दोनदा, आणि एक डावीकडे, एक उजवीकडे ठेवा. एकच टेक कॉपी करून दोन्हीकडे टाकला तर तो मधोमधच ऐकू येतो. दोन टेकमधल्या सूक्ष्म फरकामुळेच भरीवपणा येतो. त्यासाठी दोन्ही वेळा हाताचा फटका सारखा हवा: सगळे आठ ठोके खालच्या दिशेने, मनगट मोकळं. 180 च्या गतीला, मात्रेला दोन फटके धरून, सेकंदाला सहा फटके होतात. तीन मिनिटं तसं वाजवता येत नसेल तर अजून महिनाभर सराव करा, पैसे वाचतील.

दुसरं कारण म्हणजे सूर. तारा रेकॉर्डिंगच्या दिवशी नव्या, दर टेकनंतर ट्यूनरवर नजर, आणि बारावा फ्रेट दाबून वाजणारा स्वर मोकळ्या तारेच्या बरोबर वरच्या सप्तकातला आहे का ते दुरुस्तीवाल्याकडून आधीच तपासून आणा. आपल्याकडे पावसाळ्यात गिटारची मान हलते. दिवाळीला हवा कोरडी व्हायला लागते तेव्हा पुन्हा हलते, म्हणून ऑक्टोबरात एकदा सेट करून घ्या. सिंगल कॉइल (एकाच गुंडाळीचा) पिकअप, म्हणजे तारांचं कंपन टिपणारा भाग, असेल तर वीजप्रवाहाची 50 हर्ट्झची गुणगुण येणारच. ट्यूबलाइट आणि डिमर बंद करा, स्टुडिओचं अर्थिंग विचारा आणि गिटार हातात धरून खोलीत फिरत कुठल्या कोनात गुणगुण कमी होते ती जागा शोधा. बिली जोची ती प्रसिद्ध निळी गिटार फेंडरच्या स्ट्रॅट गिटारची नक्कल असलेली फर्नांडिस कंपनीची आहे. पुलाजवळचा पिकअप बदलून त्याने जाड आवाजाचा हंबकर (दोन गुंडाळ्यांचा, गुणगुण मारणारा पिकअप) घातला. महागडी गिटार घेण्याआधी हा उपाय बघा.

तिसरं कारण कोणाला पटत नाही, पण पातळ वाटणारी गिटार बऱ्याचदा बासमुळे पातळ असते. बास बोटांनी न वाजवता पिकने वाजवा, त्यालाही थोडं खरखरीत करा, आणि गिटारच्या खालच्या पट्टीला मिक्समध्ये कात्री लावा. ऐकणाऱ्याला ज्याला 'जाड गिटार' वाटतं त्यातला निम्मा भाग बासचा असतो. आणि ड्रमरला सांगा: झांज हळू, स्नेअर जोरात. उलटं केलं की झांजेचा फुफाट्यासारखा आवाज सगळ्या माइकमध्ये शिरतो आणि मिक्स करताना गायकाला वर काढायला जागा उरत नाही.

मराठीत गाताय याचा मला मनापासून आनंद आहे, आणि त्यावर कोणी फारसं बोलत नाही म्हणून जरा थांबतो. सेकंदाला सहा ठोके पडत असताना प्रत्येक ठोक्यावर एक अक्षर बसवायची या प्रकाराची सवय असते. इंग्रजीत एकाक्षरी शब्दांची रेलचेल आहे. आपल्याकडे 'आयुष्य', 'प्रत्येक', 'स्वप्नांच्या' असे शब्द आले की जोडाक्षरावर जीभ अडते आणि गायक अर्ध अक्षर गिळतो. गिळलेलं अक्षर माइकला बरोबर कळतं. अंतऱ्यात बोलीतले छोटे शब्द ठेवा: 'चल', 'बस', 'कुठं', 'परत', 'घरी'. कोरसच्या शेवटचा लांबवायचा स्वर उघडा हवा, आ, ए किंवा ओ. 'उद्या बघू' अशी ओळ कागदावर झकास आहे, पण वरच्या पट्टीत 'ऊ' ओढायला लागलात की तोंड मिटतं आणि जोर संपतो. तिथे 'परत ये' टिकतं. 'फ', 'भ', 'थ' यांच्या फुंकरीसाठी पॉप फिल्टर लावाच, आणि 'श', 'स', 'च' एका ओळीत लागोपाठ आले तर माइक तोंडाच्या समोर न ठेवता जरा बाजूला तिरका ठेवा. आणि एक विनंती: 'मी'चा 'मेई' करू नका. अमेरिकन पोरं नाकातून गातात ती त्यांच्या गावाची बोली आहे. तुम्ही हडपसरचे असाल तर हडपसरचं बोला.

लेबलकडे येतो. लुकआउटचा व्यवहार सुटसुटीत होता: खर्च वजा जाता नफ्यातले साठ टक्के बँडला. मोठ्या कंपन्यांच्या तुलनेत हे फारच उदार. लिव्हरमोरचा विश्वास हस्तांदोलनावर आणि एका पानाच्या कागदावर होता, आणि सुरुवातीला ते चाललंही. पण लिव्हरमोर कंपनीतून बाहेर पडल्यानंतरच्या काळात बँडांचे पैसे थकत गेले, आणि 2005 मध्ये ग्रीन डेने आपले सुरुवातीचे मास्टर (अंतिम मूळ ध्वनिमुद्रणं) काढून घेतले. 2012 मध्ये लुकआउट बंदच झालं. मास्टर परत घेता आले, कारण ते परत घेता येतील असा व्यवहार मुळात होता. तुम्ही ज्याच्याशी बोलाल त्याला पहिला प्रश्न हाच विचारा: पैसे थकले तर मास्टर कोणाचा?

आपल्या कॉपीराइट कायद्यात ध्वनिमुद्रणाचा निर्माता म्हणजे ते करण्यात ज्याने पुढाकार आणि जबाबदारी घेतली तो. स्टुडिओचं बिल एखाद्या हौशी मित्राने भरलं आणि कागद केला नाही, तर पुढे गंमत होते. शब्द आणि चाल यांचा हक्क वेगळा, ध्वनिमुद्रणाचा वेगळा. म्हणून स्टुडिओत जाण्याआधी चौघांनी बसून एका कागदावर लिहा: कुठल्या गाण्याचे शब्द कोणाचे, चाल कोणाची, रेकॉर्डिंगची मालकी किती-किती आणि कोणी बँड सोडला तर काय. '39/स्मूद'मध्ये एका गाण्याचे शब्द किफमायरचे आहेत. तो गेला, गाणं राहिलं, श्रेयही राहिलं. ड्रमर जाणं ही या जगातली सर्वांत नेहमीची घटना आहे. मैत्री आहे म्हणून कागद नको, असं म्हणणारे बँडच जास्त भांडताना मी बघितले आहेत.

तुमच्या टप्प्यावर मी स्वतःच काढा असं सांगेन. डिजिटल वितरक गाणी सगळ्या ॲपवर चढवतात आणि प्रत्येक रेकॉर्डिंगला लागणारा आयएसआरसी हा ओळख क्रमांकही देतात. शब्द आणि चालीसाठी आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांचं मानधन गोळा करणाऱ्या संस्थेचे सभासद व्हा; मुंबईत कार्यालय आहे, अर्ज ऑनलाइन होतो. मास्टरिंगला, म्हणजे मिक्सवरच्या शेवटच्या हाताला, आवाज फार चढवू नका. स्पॉटिफायसारखी ॲप गाण्यांचा मोठेपणा एका पातळीवर आणून ठेवतात, त्यामुळे पिळून-पिळून मोठा केलेला मास्टर तिथे खाली ओढला जातो आणि चपटा तेवढा राहतो.

खरी उणीव लेबलची नाही, जागेची आहे. गिलमन 1986 च्या अखेरीला सुरू झालं: दारू नाही, वयाची अट नाही, काम स्वयंसेवक करणार, आणि मोठ्या कंपनीशी करार केलेल्या बँडला मज्जाव. ग्रीन डेने मोठ्या कंपनीशी करार केला तेव्हा त्यांनाही दार बंद झालं, ते 2015 मध्ये एका मदतनिधीच्या कार्यक्रमापुरतं उघडलं. पंधरा वर्षांच्या पोराला आठवड्याच्या आठवड्याला जाता येईल अशी जागा होती, म्हणून सतराव्या वर्षी पाच दिवसांत अल्बम करणारी पोरं तयार झाली. आपल्याकडे मुंबईचं रंगभवन होतं, उघड्या आकाशाखाली, तिथे रॉक ऐकत दोन पिढ्या वाढल्या. शांतता क्षेत्राच्या नियमाने ते गेलं. आता बहुतेक कार्यक्रम बारमध्ये होतात आणि तिथे कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या पोराला आत सोडत नाहीत. म्हणून कॉलेजचे हॉल, गणपतीनंतर रिकामे पडणारे सोसायटीचे मांडव, कोणाच्या तरी काकांचं गोदाम, जे मिळेल तिथे रात्री दहाच्या आत वाजवा. तुमचा ऐकणारा तिथे आहे.

तेव्हा दिवाळीला अकरा गाण्यांचा अल्बम नको. दिवाळीला चार गाणी करा, दीड दिवसात, जिथे पुढे अल्बम करायचा आहे त्याच स्टुडिओत आणि त्याच इंजिनिअरकडे. ती बाहेर काढा, सहा-सात महिने मिळेल तिथे वाजवा, उरलेल्या सातांतली लोकांना न रुचलेली गाणी टाकून द्या, नवी लिहा. मग पुढच्या उन्हाळ्यात पाच दिवस घ्या. कोणती चार, हे ठरवायचं असेल तर सगळ्या अकरा गाण्यांचं तालमीतलं रेकॉर्डिंग पाठवा. फोन खोलीच्या मधोमध, छातीच्या उंचीवर, ड्रमपासून दूर. स्वच्छ करून पाठवू नका, जसं आहे तसंच हवं.